ते आधीचं

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, त्यामुळे माणसं जिन्यात भेटतात. फेब्रुवारीतला कुठलासा गुरुवार होता, ऐरोलीहून ऑफिस करून येत होते, गाडीत बसायला मिळालं नव्हतं, एका खांद्याला लॅपटॉप आणि हातात गावदेवीच्या मंडईतून घेतलेली मेथीची जुडी. पहिल्या मजल्याच्या वळणावर काकू कठड्याला धरून दम घेत उभ्या होत्या. आमच्या बरोबर खालचं घर त्यांचं. मला बघून म्हणाल्या, "काय गं, ते संध्याकाळचं बंद केलंस का?" सॅक्सोफोनबद्दल बोलतायत हे कळलंच, म्हटलं, "नाही काकू, रोज वाजवते की, उलट हल्ली जास्तच वाजवते, ऐकू येत नाही का?" तर म्हणाल्या, "येतं की, चांगलं मोठ्यांदा येतं. ते नाही गं. ते आधीचं." आणि पिशवीत किल्ली शोधत दाराकडे वळल्या. मी मेथी घेऊन वर आले.

ते आधीचं.

मेथी निवडताना, भाकरी थापताना, रात्री दिवा घालवल्यावर, ते दोन शब्द डोक्यातून जाईनात. कारण मधल्या काळात काय बदललं होतं ते मला नेमकं माहीत होतं. दिवाळीत मी सॅक्सचा नवा माउथपीस, म्हणजे तोंडात धरून फुंकायचा तुकडा, घेतला होता. ऑटो लिंक, सुपर टोन मास्टर, मेटलचा, सात-स्टार मापाचा. भावाने परदेशातून येताना आणला, किंमत सांगत नाही, पण जवळजवळ दोन वर्षं दर महिन्याला बाजूला टाकलेले पैसे होते ते. जॅझ सॅक्सवादक जॉन कोलट्रेनच्या फोटोत त्याच्या तोंडात जो दिसतो तो लिंकचाच मेटल माउथपीस, दुसरा जॅझवाला बेन वेबस्टर लिंकवर वाजवायचा, आणि मला आयुष्यात वाजवण्यातलं काही हवं असेल तर ते बेन वेबस्टरच्या टेनरसारखा, म्हणजे त्याच्या खालच्या आवाजाच्या सॅक्ससारखा, एक सूर, फक्त एक. तो माउथपीस डबीतून काढला तेव्हा हातात गार आणि जड लागला, देवघरातल्या पितळी समईचं वरचं फूल उचलावं तसा. आणि चार महिन्यांनी खालच्या मजल्यावरून निरोप आला की ते आधीचं बरं होतं.

आधीचं म्हणजे काय होतं तर सेकंडहँड घेतलेल्या यामाहा टेनरबरोबर आलेला काळा प्लास्टिकचा फोर-सी माउथपीस. जगात ज्याने कोणी यामाहावर सॅक्स शिकायला सुरुवात केली असेल त्याच्या तोंडात तो गेलेला असणार. त्याला कोणी नावं ठेवत नाही आणि त्याच्याबद्दल कोणी प्रेमाने बोलतही नाही. मी एक्केचाळिसाव्या वर्षी शिकायला लागले तेव्हापासून तीन वर्षं तोच होता, आणि त्यावर दोन नंबरची मऊ रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरून सूर काढते ती पातळ पट्टी. लिंक आला तेव्हा माझ्या नवऱ्याने, तो वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला आहे, दोन्ही माउथपीस टेबलावर शेजारी ठेवले आणि गेज लावून टोकाची फट मोजली. माउथपीसचं टोक आणि रीडचं टोक यांच्यामध्ये जी उघडी जागा राहते ती. लिंकची एकशे पाच थाऊ निघाली, म्हणजे इंचाचे एकशे पाच हजारांश, सात-स्टारची असायला हवी तेवढीच. यामाहाची सत्तरच्या आसपास. म्हणजे दोन्हीतला फरक मिलिमीटरभरसुद्धा नाही. मला वाटलं हा आता म्हणणार, एवढ्याशासाठी एवढे पैसे? पण तो म्हणाला, "पस्तीस थाऊ? आमच्याकडे पाच थाऊ इकडेतिकडे झाले तरी जॉब रिजेक्ट होतो." त्या क्षणी तो मला फार आवडला.

तर या पस्तीस थाऊत काय होतं. फट मोठी असली की रीडला झुलायला जागा जास्त, आवाजाला रुंदी येते, वर-खाली वाकवता येतो, पण तेवढी हवा लागते आणि ओठांनी तो झोका सांभाळावा लागतो. फट लहान असली की रीड लगेच बोलते, अगदी थोड्या हवेवरसुद्धा, पण जोर लावला तर सूर आवळल्यासारखा होतो. मग आतला पोकळ भाग, चेंबर, तो मोठा असला की आवाज गोल आणि जाड, लहान असला की टोकदार. आणि टोकाच्या लगेच मागचं छत, बॅफल, ते उंच असलं की हवा अरुंद वाटेने वेगात जाते आणि आवाजाला धार चढते, ते खाली उतरतं असलं की धार कमी. लिंकचं चेंबर मोठं आणि बॅफल बेताचं, म्हणून त्यातून तो रुंद, उबदार आवाज निघतो ज्याच्यासाठी लोक त्याच्या मागे असतात. हे सगळं मी पाठ केलं होतं, झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण एक चूक केली. उघड्या माउथपीसवर मऊ रीड लावायची असते, बंद माउथपीसवर कडक, हा साधा हिशोब. मी लिंकवर तीन नंबरची लावली. कारण मनात कुठेतरी बसलं होतं की मोठे लोक कडक रीडवर वाजवतात, दोन नंबर म्हणजे शिकाऊ. खरं तर नंबर जाडी सांगतच नाही, एकाच कापाच्या रीडमध्ये ते गवत किती कडक आहे एवढंच सांगतो. आणि गवतच ते, आपल्या बोरूच्या नात्यातलं, दक्षिण फ्रान्सच्या वार भागात सगळ्यात नावाजलेलं पिकतं, कापतात, वाळवतात, मग पाच-पाचच्या डबीतून आपल्याकडे येतं. पाचातल्या दोन रीड मनासारख्या लागल्या की मी तो आठवडा चांगला मानते.

रीडचं एक आहे की ती ठाण्याच्या हवेत येऊन ठाण्याची होते. मे महिन्यात पंख्याखाली दोन मिनिटं ठेवली तर टोक लाटेसारखं वाकडं होतं, मग वाटीतल्या पाण्यात भिजवत बसा. आणि पावसाळ्यात उलटं, डबीतून काढतानाच ती दमट असते, फुगलेली, फुंकली की ओल्या लाकडासारखा धुरकट सूर. मी प्रत्येक रीडच्या मागे पेन्सिलने तारीख लिहिते आणि चार रीड आलटून पालटून वापरते, लोणच्याच्या बरण्यांसारखं त्यांच्याकडे लक्ष ठेवावं लागतं. जुलैतली चांगली रीड डिसेंबरात निर्जीव लागते आणि आपण दोष माउथपीसला देतो.

पण काकूंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना फक्त येत होतं ते ऐकू येत होतं.

मी त्यांना आधी मनातल्या मनात बाद करून टाकलं, हे सांगायला हवं. त्या ऐंशीच्या पुढच्या आहेत, कानाचं मशीन घेतलंय ते ड्रॉवरमध्ये असतं. वयाबरोबर कानातून आधी वरचे, बारीक आवाज जातात. शिवाय मध्ये आख्खा स्लॅब. गणपतीत दोन गल्ल्या सोडून डीजे लागला की आपल्याला गाणं कुठलं ते कळत नाही, फक्त धम धम पोचतं, कारण भिंती वरचे सूर अडवतात आणि खालचे सोडतात, तसंच ते. म्हणजे सॅक्सच्या आवाजातली जी धार, जो श्वासाचा खरखरीत काठ, ज्याच्यावर मी दोन वर्षं पैसे साठवले, त्यातलं काहीच काकूंच्या खोलीत उतरत नसणार. मग त्यांनी म्हणावं आधीचं? त्यांना फरक कळलाच कसा? असं मी स्वतःला समजावलं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे सात वाजता दार-खिडक्या लावून वाजवायला बसले, पण वाजवताना लक्ष खालीच होतं. आमच्या दोन्ही घरांच्या मोऱ्या एका डक्टवर आहेत. काकूंनी बादली भरायला लावली की मला वर ऐकू येते, भांडी घासली की येतात, रेडिओवर नाट्यगीत लागलं तर त्याचा ठेका येतो. गडकरी रंगायतनला वर्षानुवर्षं नाटकं बघितलेलं माणूस आहे ते, कान काही कच्चा नाही. आणि एवढी वर्षं मी त्यांची बादली ऐकते हे मला माहीत होतं, पण त्या माझं ऐकतात याचा मी फक्त तक्रार येईल या भीतीपुरता विचार केला होता.

जॅझ सॅक्सवादक सॉनी रॉलिन्सची गोष्ट सॅक्स वाजवणाऱ्या प्रत्येकाला कोणीतरी सांगतंच. १९५९ साली, नाव झालेलं असताना, तो स्टेजवरून बाजूला झाला आणि १९६१ पर्यंत न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन एकटा रियाज करत राहिला. सांगणारे तपश्चर्येवर भर देतात. मला त्यातली छोटी गोष्ट जास्त धरून ठेवते, की तो पुलावर गेला कारण शेजारी एक गरोदर बाई राहत होती आणि तिला त्रास नको. नदी, आगगाड्या, बोटींचे भोंगे, त्या सगळ्यावरून ऐकू जाईल असं त्याला तिथे वाजवता आलं आणि त्याचा सूर तसाच आहे, बाहेरचा, पुलावरचा. पुढे साठच्या दशकाच्या अखेरीला तो आपल्या पवईला आश्रमात येऊन राहिला, आणि १९७८ साली मुंबईत पहिली जॅझ यात्रा झाली तेव्हा वाजवून गेला. मला सॅक्स शिकवणारे सर तेव्हा विशीत होते, लग्नाच्या बँडात मेरठचा सॅक्स वाजवायचे, तिकिटाला पैसे नव्हते म्हणून रंगभवनच्या भिंतीबाहेर धोबी तलावच्या फुटपाथवर उभे राहिले. छप्पर नसलेलं थिएटर ते. सर म्हणतात, "मॅडम, भिंत असून नसल्यासारखी होती." त्यांनी रॉलिन्सला बघितलेलं नाही, फक्त भिंतीपलीकडून ऐकलंय, आणि त्या रात्रीचं ते जेवढं सांगतात तेवढं त्यांनी समोर बसून ऐकलेल्या कुणाबद्दल मला कधी सांगितलेलं नाही.

मीही एकदा बाहेर वाजवून बघितलं. उपवनला, पहाटे सहाला, तलावाच्या काठाला, चालायला येणारे यायच्या आत. येऊरचा डोंगर काळा होता, पाण्यावर धुकं. पहिला सूर लावला आणि दचकले, कारण तो परत आलाच नाही. घरात आपण वाजवतो तेव्हा अर्धा सूर भिंती वाजवतात, गोदरेजचं कपाट वाजवतं, पलंगाखालची रिकामी बॅग वाजवते. उपवनला माझा टेनर गच्चीवर वाळत घातलेल्या ओढणीसारखा पातळ झाला, आणि मी दहा मिनिटांत केस बंद केली. तेव्हा कळलं की मला जो माझा टोन वाटत होता त्यात आमची खोली धरलेली होती.

आणि डोकं धरलेलं होतं. हे सगळ्यात अवघड प्रकरण आहे. वरचे दात माउथपीसवर टेकलेले असतात, तिथून कंप सरळ कवटीत जातो, म्हणजे वाजवणाऱ्याला जे ऐकू येतं ते जगात दुसऱ्या कोणाला ऐकू येत नाही. मेटलवर तर दातातून झिणझिणी येते, म्हणून लोक वर रबराचा छोटा तुकडा चिकटवतात, मीही लावलाय. आपण दुकानात माउथपीस निवडतो तेव्हा आपण आपल्या कवटीतला आवाज निवडत असतो. मेटल का एबोनाइट, म्हणजे कडक रबर, यावर माणसं रात्र-रात्र भांडतात, आणि बनवणाऱ्यांपैकी बरेच सांगतात की वस्तू कशाची आहे त्यापेक्षा आतली पोकळी कशी आहे ते बघा. जॅझवाल्या चार्ली पार्करने १९५३ साली टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये प्लास्टिकचा ग्राफ्टन ऑल्टो सॅक्स वाजवला, त्या रात्रीचं रेकॉर्डिंग आहे, आणि दोन सेकंदांत कळतं की हा पार्कर. बेन वेबस्टर मात्र उलट, १९३८ साली घेतलेला सेल्मर कंपनीचा सॅक्स त्याने मरेपर्यंत सोडला नाही, ३५ वर्षं एकच हॉर्न. दोघांची उदाहरणं मला वर्षानुवर्षं समोरासमोर उभी असलेली दिसतात आणि मी कधी याच्या बाजूने होते, कधी त्याच्या.

वेबस्टरचं मी पहिल्यांदा ऐकलं ते ऑफिसला जाताना, हेडफोनवर, ठाणं सोडून गाडी डोंगराच्या कडेकडेने जाते तिथे. संथ गाणं होतं. ओळीच्या शेवटचा सूर त्याने लावला, मग सूर संपत गेला आणि त्याच्या जागी नुसती हवा राहिली, फूऽऽ, जणू माणूस गाणं संपल्यावर अजून तिथेच बसून आहे. याला सबटोन म्हणतात. खालचा जबडा सैल सोडायचा, ओठ थोडा मागे घ्यायचा, म्हणजे रीडचं टोक तेवढं झुलत नाही, वरच्या सुरांची धार गळून पडते आणि खालचा जाड सूर श्वासात गुंडाळून येतो. टेनरच्या अगदी तळाचा सूर, बोटांनी बी फ्लॅट, ऐकायला आपल्या पेटीवरची खर्जातली काळी चार. खर्जाचा रियाज पहाटे गवई का करतात ते मला सॅक्समुळे कळलं. त्या सुरावर हळू वाजवणं सगळ्यात कठीण, कारण सगळी भोकं बंद, नळीच्या टोकापर्यंतची हवा हलवायची आणि तरी कुजबुजायचं. भोकं झाकणारं एक पॅड जरी लीक असेल तर सूर फुटतो.

मार्चभर मी काकूंची वाक्यं चघळत राहिले आणि शेवटी सरांना सांगितलं. सर हसले नाहीत. म्हणाले, "मग खाली जाऊन ऐका ना. मी वाजवतो वर." इतकं सोपं होतं आणि मला सुचलं नव्हतं, कारण माझा आवाज मला खाली बसून ऐकता येणं शक्यच नाही, तोपर्यंत मी एवढाच विचार केला होता. एका रविवारी कळव्याहून सर आले, सोबत त्यांचीच रीड. नवऱ्याला खुणा करायला वर ठेवलं. मी काकूंच्या दिवाणावर बसले. त्यांनी कोकम सरबत दिलं. पंखा, भिंतीवरचं घड्याळ, बाहेर दूध-डेअरीचं शटर. मग सूर आला, आणि मला वाटलं होतं तसा छतातून आला नाही, तो त्यांच्या लाकडी कपाटातून आला, मग थोडासा मोरीकडून. काठ नव्हता, श्वास नव्हता, धार नव्हती. नुसतं अंग होतं आवाजाचं. कोणीतरी पाठीवर कान ठेवून बोलणं ऐकावं तसं. सरांनी पहिल्यांदा लिंकवर वाजवलं, मग फोर-सीवर, तीच ओळ, तोच वेग. मी प्राण कानात आणून ऐकलं आणि मला त्या दोनमधला फरक सांगता आला नाही. दोन वर्षांचे पैसे त्या स्लॅबमध्ये राहिले होते.

काकूंना विचारलं, पहिलं का दुसरं? त्या दोन्ही वेळा मान हलवत होत्या. "छान वाजवतायत गं ते. पण हे तू नाहीस. दोन्ही नाही."

मला त्या वेळी बरं वाटलं, ते लपवत नाही. मग म्हटलं, "काकू, आधीचं म्हणजे कसं होतं?" त्यांनी सरबताचा ग्लास खाली ठेवला. "हळू असायचं. नऊनंतर. मी अंथरुणावर पडलेली असायचे. मला वाटायचं, ही माझी झोप लागायची वाट बघत्येय."

मी वर आले ते सरांना चहा करायच्या निमित्ताने ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. कारण ती सगळी हकीकत मला आठवली, जी काकूंना माहीत नाही. शिकायला लागले त्या पहिल्या महिन्यात बिल्डिंगमध्ये एकाने तक्रार केली होती, काकूंनी नाही, दुसऱ्या कोणी, आणि खाली फळ्यावर नाव न घालता चार ओळी लागल्या होत्या. त्या मी येता-जाता वाचत होते. ऑफिसमधून येऊन स्वयंपाक, मुलीचा अभ्यास, सगळं उरकून नऊला हॉर्न बाहेर निघायचा आणि मी घाबरत घाबरत वाजवायचे. जबडा सैल, हवा कमी, हॉर्नची घंटा, म्हणजे त्याचं रुंद तोंड, उशीत वळवलेली, तळाचे चारपाच सूर तेवढे, कारण वरचे सूर ऐकू जातील. दोन नंबरची मऊ रीड आणि बंद माउथपीस, त्यावर एवढ्याशा हवेतही सूर बोलायचा. काकूंना जे गोड लागलं ते त्या भीतीतून निघालेलं होतं. मी त्यांना त्रास होऊ नये म्हणून जे करत होते ते त्या ऐकत होत्या.

त्या दिवसांतली मोबाइलवरची रेकॉर्डिंग माझ्याकडे आहेत. त्या रात्री लावली. वाईट आहेत. सूर पट्टीच्या खाली उतरलेला, ओळ अर्ध्यात दमलेली, मध्ये मध्ये थुंकीचा आवाज. सर पहिल्या वर्षभर एकच सांगायचे, "मॅडम, हवा भरा. हळू वाजवायचं म्हणजे हवा कमी करायची नाही, हवा तेवढीच, फक्त ती बाहेर सोडताना जीव लावायचा." ते बरोबरच होतं. पुढे लेक मोठी झाली, फळ्यावरचा कागद कधीतरी गळून पडला, मी वेळ सातची केली, दारं लावून मोकळं वाजवायला लागले, मग लिंक आला, तीन नंबरची रीड आली, आणि त्या जोडीवर तळाचा सूर हळू लागेचना, तो लावायला छातीभर जोर लागायचा. म्हणून मी हळू वाजवणं सोडून दिलं. ठरवून नाही. जे जमत नाही त्याच्या आजूबाजूने आपण जातो तसं. वेबस्टरसारखा सूर हवा म्हणून घेतलेल्या माउथपीसवर मी सहा महिने वेबस्टरच्या नेमक्या विरुद्ध दिशेला चालले होते, आणि हे मला खालच्या मजल्यावरून कळलं.

मला ते आधीचं परत नको होतं. हे काकूंना सांगता येत नाही, पण नको होतं. ती घाबरलेली बाई मी आहे, तिच्याबद्दल मला माया आहे, पण मला तिच्यासारखं वाजवायचं नाही. आणि दुसऱ्या बाजूला असंही वाटत राहिलं की ऐंशीच्या वयात रात्री एकटं झोपणाऱ्या माणसाच्या खोलीत जे इतके दिवस रोज येत होतं ते मी काढून घेतलं, विचारल्याशिवाय. दिलं तेव्हाही विचारलं नव्हतं.

एप्रिलपासून मी लिंकवर अडीच नंबर लावला, मग मेमध्ये दोन. सात वाजताचं सोडलं नाही, पण नऊनंतर वीस मिनिटं पुन्हा सुरू केली. फक्त तळाचे सूर, खालचा डी, सी, बी, बी फ्लॅट, एकेक श्वासभर लांब. हवा सरांनी सांगितली तेवढी, आवाज काकूंनी सांगितला तेवढा. सुरुवातीला दहातले आठ फुटायचे, मधल्या जागी किंचाळी यायची, मी थांबून ओठ पुसायचे. एकशे पाच थाऊची ती फट सांभाळताना खालचा ओठ थरथरतो, दोन आठवडे आतून दाताचे वण होते. सॅक्सला स्वतःचा गळा नाही, तुमचाच गळा त्याला लावायचा, असं सर म्हणतात ते मी याआधी ऐकून सोडून दिलं होतं. आता सूर लावायच्या आधी तोच सूर मनात गुणगुणून घेते, जीभ कुठे आहे ते बघते, घसा जांभई देताना उघडतो तसा उघडते. दहातले पाच लागायला लागले. मग सहा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री नौपाड्यात लाइट गेले. पंखे थांबले आणि बिल्डिंगमध्ये एकदम माणसांचे आवाज मोकळे झाले, कोणी मेणबत्ती मागतंय, कोणी बाळाला शांत करतंय, मग तेही कमी झाले. साडेनऊ झाले असतील. रीड दमट होती, बाहेर पागोळ्या पडत होत्या, खिडकी उघडीच ठेवली कारण उकडत होतं. खाली काकूंच्या मोरीत नळ चालू होता, लाइट गेले म्हणून बादल्या भरत असतील. मी हॉर्न गळ्यात घातला, अंधारात माउथपीस हाताला गार लागला. बी फ्लॅटची सगळी बोटं लावली, आणि तो सूर आला. पट्टीत, जाड, कुजबुजीएवढा, त्याच्याभोवती श्वास. मी तो वाढवला नाही.

खालचा नळ बंद झाला. बादली भरल्याचा आवाज झाला नव्हता, अर्धीच होती.

छातीत हवा होती तोवर मी तो सूर धरून ठेवला.